पुंडल्या, डोह नांदतो आहे

पुंडल्या, तू गेलास आणि आमच्या बैठकीत 'नाही' म्हणणारा माणूस उरला नाही. परवा डोहाच्या काठावर सगळे जमलो होतो. तुझी बायको जिजा होती, माझी सखू आत्या होती, नदीपलीकडून राजन्ना डोंगा वल्हवत आला होता. मी काहीतरी बोललो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं मी तोंड उघडलं की तू डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवायचास आणि म्हणायचास, किसना, हे काही मला पटलं नाही. ते ऐकू येईल म्हणून मी बोलता बोलता थांबलोसुद्धा. कोणी काही म्हणालं नाही. मग मला कळलं की तू खरंच गेलास.

तू कोणत्या साली जन्मलास, तुझ्या मागे कोण कोण आहे, हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला ते सांगायचं नाही. मला तुझ्याशी आपलं भांडण पुढे चालवायचं आहे, आणि मध्येमध्ये काही गोष्टी सांगायच्या आहेत, ज्या तू समोर होतास तेव्हा जिभेवर आल्या नाहीत.

आपण दोघं एकाच शाळेत चौथीपर्यंत होतो. मी आत बसायचो, तू ओसरीवर. तू बाहेरून म्हटलेले पाढे आत सगळ्यांत मोठ्याने ऐकू यायचे. तेव्हा आपली दोस्ती नव्हती, होऊ दिलेली नव्हती. आपली खरी ओळख झाली ती माझ्या डोंग्यात.

नागपूरला दीक्षा झाली ते साल. तुमच्या वस्तीतली बरीच माणसं जाऊन आली होती. एका सकाळी तू पांढऱ्या कपड्यांत काठावर आलास. हातात लाल फडक्यात बांधलेले तुझ्या आजीच्या देव्हाऱ्यातले देव. म्हणालास, डोहाच्या मधोमध ने. मी हादरलो. आमची पैनगंगा उन्हाळ्यात वाळूची नदी होते, पण गावाजवळ वरच्या खडकाळ धारेपासून खालच्या उतारापर्यंतचं पाणी कधी आटलेलं कोणी पाहिलं नाही. तो आसरांचा डोह. सात बहिणी तळाशी राहतात आणि त्यांच्या घरात जाळं टाकणारा वर येत नाही, हे आम्ही मासे धरणारे ढिवर पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. धारेच्या वर जाळं, उताराच्या खाली जाळं, डोहात नाही. आणि तू तिथे देव सोडायला निघालेला.

मी म्हणालो, काठावरूनच फेक. तू म्हणालास, "फेकाले कचरा हाये का? आजीनं जन्मभर पुजले. खोल पाण्यात ठेवतो. निजू दे त्यायले."

त्या बोलण्यावर मी तुला घेऊन गेलो. तू फडकं सोडलं नाहीस, तसंच दोन्ही हातांनी हळूच पाण्यात खाली नेलंस आणि हात काखेपर्यंत बुडाल्यावर सोडलंस. मग वाकून बराच वेळ बघत राहिलास. मी मनात सातही बहिणींची माफी मागत होतो. तू वर मान करून म्हणालास, "किसना, खाली कोनी नाई. मासे हायेत फक्त. पन भलतेच मासे हायेत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुला आठवत असेल, मी तुला उतरवताना म्हणालो होतो की तुला दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असं नाही. आणि तू जाता जाता हसला होतास.

त्याच वर्षी दोन्ही काठांची राज्यं बदलली. आपला काठ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि पलीकडचा काठ, जो कालपर्यंत हैदराबादचा होता, तो आंध्रात गेला. मधल्या पाण्यात काही फरक पडला नाही. तू राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला गेलास. जिजाला नेलंस. मधूनमधून मुकुटबनच्या बाजारात भेटायचास, अंगाला कोळशाचा वास, आणि पहिला प्रश्न ठरलेला: डोहात पाणी किती आहे?

त्या काळात तोटेवाले आले. कुठल्याशा पुलाच्या कामाला दगड फोडणारा एक ठेकेदार होता. त्याच्या टोळीकडे सुरुंगाचे तोटे असायचे. सुट्टीच्या दिवशी ते लोक डोहावर आले, काठावर बसून जेवले, आणि मग एक तोटा दगडाला बांधून, वात पेटवून पाण्यात टाकला. मी धारेजवळ जाळं सुकवत होतो. आवाज मोठा नव्हता, पोटात बसेल असा होता. पाण्याला कुबड आलं आणि बसलं. मग पांढरी पोटं वर येऊ लागली. मरळ, वाम, शिंगाडा, ज्यांच्या एकेका खवल्यात तोंड बघावं असे मोठे जुने मासे, आणि बोटाएवढी पिल्लं, इतकी की पाणी चुन्यासारखं दिसत होतं. त्यांनी मोठे उचलले आणि गेले. बाकीचं तसंच तरंगत राहिलं. एक पाणमांजर काठावर येऊन पडली होती, कानातून रक्त येत होतं, आणि तिचा जोडीदार पाण्यात शिट्टी घालत फिरत होता. ती शिट्टी मी अजून विसरलो नाही.

ते पुन्हा पुन्हा आले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या जाळ्यांत शेवाळ यायला लागलं. धारेच्या वरही मासा नाही, उताराच्या खालीही नाही. सखू आत्या रिकामी टोपली घेऊन बाजारात जाऊन बसायची, सवय म्हणून. डोहाला कोणी हात लावत नव्हतं तेव्हा वर-खाली मासा होता. डोह मेला आणि वर-खालीही सगळं संपलं. यातलं नातं आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्हाला आसरा कोपल्या एवढंच कळलं.

आणि कोपल्या कशाने, तर कोणीतरी चावडीवर बोलून गेलं की वस्तीतल्या लोकांनी डोहात देव सोडले म्हणून. ते बोलणं हां हां म्हणता गावभर झालं. तुम्हा लोकांकडून बकरा मागायचा, डोहावर कापायचा, असं ठरायला आलं. तू तेव्हा नुकताच खाण सोडून परत आला होतास. खोकला घेऊन आणि एका कानाने कमी ऐकू येणारा. तुझ्या वस्तीतले लोक म्हणत होते, जाऊ दे, देऊन टाकू एक बकरा, गावाशी वाकडं नको. तू नाही म्हणालास. चावडीवर आलास आणि ओसरीवर न थांबता आत येऊन बसलास. तिथे तू जे बोललास ते मी पुढे अनेकांना सांगितलं आहे, आज तुलाच सांगतो.

"मी डोहात देव सोडले. तोटे मी सोडले नाई. आसरा असतीन, त त्या माह्यावर कोपल्या अन् तोटेवाल्यावर काहून नाई कोपल्या?"

  मला तुझा राग आला होता, तो तुझं बोलणं खोडता येईना म्हणून आला होता. बकऱ्याचा विषय तिथेच संपला. पण तू तेवढ्यावर घरी गेला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ढिवरांच्या घरांसमोर येऊन बसलास आणि म्हणालास, भांडण जिंकून मासा येत नाही, आता मासा कसा आणायचा ते बोलू.

खाणीची गोष्ट तू तिथेच सांगितलीस. खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत, मध्ये मध्ये खांब सोडतात. त्या खांबांतही चांगला कोळसा असतो, समोर दिसत असतो, पण त्याला कोणी हात लावत नाही, कारण वरचं छत त्याच्यावर उभं असतं. "हा डोह नदीचा खांब हाये," तू म्हणालास. उन्हाळ्यात सगळी नदी वाळते आणि जे काही जिवंत राहतं ते इथे येऊन राहतं. पहिला पूर आला की तेच वर नाल्यांत चढतं, खाली उतरतं, नदी पुन्हा भरते. आम्ही वर-खाली जे पकडत होतो ते सगळं याच डोहातून आलेलं. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकदम सगळी नदी उभी राहिली. मी तिच्यात जन्म काढला होता, पण तशी पाहिली नव्हती.

सखू आत्या मात्र सहज पटणारी नव्हती. ती म्हणाली, मरळ राखा, वाम राखा, बाजारात खपतो तो मासा राखा; बाकीचा चिल्लर गेला तर काय बिघडतं? तू तिलाच विचारलंस, मरळ काय खाते? ती म्हणाली, चिल्लर. चिल्लर काय खातो? किडे, शेवाळ, उंबराखाली पडलेलं उंबर. उंबर कोण पेरतं? पाखरं. आणि शिंपले नसले तर? पाणी गढूळ राहतं, हेही तीच म्हणाली. मग तू तिच्यासमोर हात जोडलेस.

"मंग सांग आत्या, यातला कोन काढू?"

आत्याने तुझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली, "तुले काढाव म्हंते." आणि सगळे हसले. त्या हसण्यात गोष्ट ठरली.

ठरवणं सोपं होतं असं म्हणणार नाही. धारेपासून उतारापर्यंत जाळं नाही, गळ नाही, तोटा नाही, रानफळांचं विष नाही. दोन्ही काठांवरचं उंबर, जांभूळ, करंज तोडायचं नाही. कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे डोहात धुवायचे नाहीत. ते औषध तेव्हा नवीनच आलं होतं आणि लोक डबा कुठेही धूत होते. इथपर्यंत मी तुझ्यासोबत होतो. पण पहिल्या पुरात अंड्यांवर आलेला मासा नाल्यात चढतो, तिथे नाल्याच्या तोंडाशी जाळं लावू नका असं तू म्हणालास, तेव्हा मी उठून गेलो. ते आमचं वर्षाचं मोठं काम. तू माझ्या मागे डोंग्यापर्यंत आलास. भांडलो. शेवटी एक नाला मोकळा आणि एका नाल्यावर जाळं, असं मिटलं. तू म्हणालास की अर्धं पटलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत मोकळ्या नाल्याने जे दिलं ते पाहून दुसऱ्या नाल्यावरचं जाळं मी स्वतः काढलं. तुला सांगितलं नाही. तू पाहिलंस आणि तूही काही बोलला नाहीस. त्याबद्दल मी तुझा फार आभारी आहे.

राजन्नाला पटवायला तू आणि मी पलीकडे जात राहिलो. पलीकडच्या मासेमारांचा तो म्होरक्या. त्याची तेलुगू आपल्याला कळत नव्हती, आपली वऱ्हाडी त्याला कळत नव्हती, आणि तिघांची हिंदी सारखीच वाईट होती. तो म्हणायचा, तुम्ही राखाल आणि आमच्या काठाने कोणी येऊन मारून नेलं तर? तू म्हणायचास, म्हणूनच तुझ्या दारात आलो. अर्ध्या नदीला कुंपण घालता येत नाही. एके दिवशी त्याने काही न बोलता आपल्याला भात वाढला. परत येताना तू म्हणालास, झालं. मला कळलंही नव्हतं.

मग तो दिवस. तोटेवाले पुन्हा आले. आपल्या काठावर दिसलो तर गाव पोलीस बोलावेल म्हणून पलीकडच्या काठाने आले. राजन्नाच्या माणसांनी हाळी घातली. आपण धावत आलो तेव्हा पलीकडच्या खडकावर मुकादम उभा होता आणि त्याच्या शेजारी बसून एक माणूस तोटा दगडाला बांधत होता. तू डोळे बारीक करून पाहिलंस आणि म्हणालास, हा तर रशीद. राजूरच्या खाणीत तुझ्याच पाळीला सुरुंग लावणारा रशीद.

मी डोंगा सोडायला वळलो. तोवर तू पाण्यात उतरला होतास. पुंडल्या, तुला पोहता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तुला शिकवायला गेलो की तू टाळायचास. तू चालत गेलास, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आपल्या काठाचा कातळ जिथे एकदम तुटतो तिथपर्यंत. मी मागून येऊन तुझ्या सदऱ्याचा मागचा घोळ मुठीत धरला. तू मागे पाहिलं नाहीस. समोर बघून तू ओरडलास, "रशीदभाई, मानूस दिसून राह्यला. वात लावशीन?"

खाणीतला नियम तू मला नंतर सांगितलास. समोर माणूस दिसत असला की सुरुंग लावणारा वात पेटवत नाही. मुकादम सांगो की मालक सांगो. ज्याने एकदा पेटवली त्याच्यासोबत कोणी खाणीत उतरत नाही. तू त्या एका नियमाच्या भरवशावर पाण्यात उभा होतास. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला फक्त तुझी पाठ दिसत होती.

मुकादम शिव्या देत होता. म्हणत होता, लाव, आपोआप पळतील. रशीद उभा राहिला. त्याच्या हातात तोटा होता. तेवढ्यात आपल्या मागे पाणी हललं. सखू आत्या लुगडं खोचून उतरली होती, तिच्या मागे जिजा, तिच्या मागे ढिवरांच्या बायका, वस्तीतल्या बायका. पलीकडून राजन्ना उतरला, त्याची माणसं उतरली. दोन्ही काठांनी माणसं पाण्यात येत गेली. कोणी घोषणा दिली नाही.  डोहात कोणी उतरायचं नाही असं जन्मभर ऐकलेले आम्ही ढिवर त्या दिवशी छातीभर पाण्यात उभे होतो आणि मला आसरांची आठवणसुद्धा नव्हती. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू जिंकला असतास, म्हणून सांगितलं नाही.

रशीदने तोट्याची वात काढली, खिशात घातली आणि मुकादमाला म्हणाला, "साब, आदमी है सामने. अपने से नहीं होगा." तो पेटी उचलून चालू लागला. मुकादम एकटा खडकावर उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तोही गेला. ते परत आले नाहीत. रशीद आला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुझ्या घरी आला, चहा प्यायला, आणि तोटेवाल्यांच्या इतर टोळ्यांना त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण आपल्या डोहाकडे पुन्हा कोणी पेटी घेऊन फिरकलं नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर तू वाळूत बसलास. तुझ्या सदऱ्याचा घोळ फाटून माझ्या मुठीत आला होता. तू म्हणालास, किसना, तू धरलं होतंस का? मी म्हणालो, हो. तू म्हणालास, मला वाटलं मी एकटाच उभा आहे. एवढं बोलून तू खूप रडलास. ते कोणी पाहिलं नाही. आज लिहितो आहे, रागावू नकोस.

पण आपलं सगळ्यांत मोठं भांडण त्यानंतरचं. पाऊस गेला ते साल. ज्वारी करपली, विहिरी तळाला गेल्या, नदी नुसता पांढरा दगड झाली. डोह मात्र होता, आणि तोवर त्यात मासा दिसू लागला होता. काठावर बसलं की दिसायचा. घरात चूल नाही आणि समोर मासा, हे माणसांनी किती सोसायचं? बैठक बसली. मला वाटलं, तू ठाम नाही म्हणशील. मी तुझ्या बाजूने बोलायला तयार होऊन आलो होतो. आणि तूच म्हणालास की घ्या.

मी पिसाळलो. ज्याच्यासाठी मरायला निघालास तो डोह उघडतोस? मी म्हणालो, आसरांचं भय होतं तेच बरं होतं, निदान ते दुष्काळात बदलत नव्हतं. तू माझ्याकडे शांतपणे पाहिलंस.

"भेवानं राखलेलं भेव सरलं की जाते. हे आपन समजून राखलं. समजून वाकवू, अन् समजून परत सरळ करू."

मग तूच शिस्त घातलीस. जाळं नाही, फक्त गळ. घरटी एक मासा, तोही ज्या घरी चूल पेटत नाही तिथे आधी. अंड्यांवरची मादी गळाला आली तर सोडायची. डोहाच्या खोल भागाकडे गळ टाकायचा नाही. काठावर सखू आत्या बसेल आणि तिचा शब्द शेवटचा. मी त्या साली रुसून डोहाकडे गेलो नाही. पण माझ्या घरी मासा आला. आत्याने पाठवला. म्हणाली, रुसल्याला भूक लागत नाही का? मी खाल्ला, आणि तुझा राग करत खाल्ला.

पुढच्या मृगात पाऊस पडला आणि त्याच दिवशी काठावरचे गळ आपोआप उठले. कोणाला सांगावं लागलं नाही. मला वाटत होतं एकदा उघडलेलं दार बंद होत नाही. तू म्हणत होतास माणसांवर विश्वास ठेव. तू बरोबर होतास. पुंडल्या, मी चूक होतो असं म्हणणार नाही, कारण मी डोहासाठी घाबरत होतो आणि ते घाबरणंही कोणीतरी करायला हवं होतं. पण तू बरोबर होतास.

त्यानंतर जे झालं ते तू पाहिलंस, तरी मला पुन्हा म्हणायचं आहे, कारण म्हणताना बरं वाटतं. वर-खाली जाळी जड झाली. सखू आत्याची टोपली बाजारात दुपारच्या आत रिकामी होऊ लागली. पाणकावळे परत आले, खंड्या आला, वाळूत कासवांच्या पायांचे ठसे दिसू लागले. आरशासारख्या खवल्यांचा तो मोठा मासा एका हिवाळ्यात सकाळी धारेत उलटला आणि त्याचं सोनं दोन्ही काठांनी पाहिलं. राजन्ना पलीकडून ओरडला, मी इकडून ओरडलो, कोणत्या भाषेत ते आठवत नाही. आणि गेल्या वर्षी पाणमांजरांची जोडी आली, तीन पिल्लांसह. तू जिजाच्या खांद्यावर हात ठेवून काठापर्यंत आलास. दम लागत होता. ती पिल्लं खडकावर एकमेकांना ढकलत होती. तू इतका वेळ बसलास की ऊन आपल्यावर आलं.

शेवटी शेवटी तुला चालवत नव्हतं. मी घरी यायचो. एकदा तू डोळे मिटून पडला होतास. मी उठायला लागलो तर म्हणालास, "खरं सांग किसना, खाली कोनी हाये का?" मी म्हणालो, हाये. तू हसलास, हसता हसता खोकला लागला, आणि जिजा मला रागावली. ते आपलं शेवटचं बोलणं. त्याचं मला वाईट वाटत नाही. चांगलं बोलणं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावची माणसं आली होती. त्यांच्याकडेही डोह आहे, त्यांच्याकडेही मासा संपला आहे. वंदना झाली, जेवणं झाली, आणि ते जायचं नाव घेईनात. मग त्यांतला एक वयस्कर माणूस जिजाला म्हणाला, ज्याच्याकडे विचारायला येणार होतो तो तर गेला, आता कोण सांगणार? मी बोलायला तोंड उघडणार, तोवर जिजा म्हणाली, "मी येतो. आत्याले घेऊन येतो. किसनाभाऊ डोंगा आनतीन."

काल गेलो. राजन्ना तिथल्या पलीकडच्या काठावरच्या लोकांना जमवून त्याच्या डोंग्यातून आला, रशीद सायकलवर आला. जिजाने त्यांना खाणीच्या खांबाची गोष्ट सांगितली, तुझ्यासारखीच, मधल्या थांबण्यासकट. आत्याने त्यांच्या बायकांना विचारलं, तुमच्याकडे मरळ काय खाते? दुपारपर्यंत सगळं ठरलं, कुठून कुठपर्यंत, काय नाही, कोण बघणार. मग शब्द द्यायची वेळ आली आणि तो वयस्कर माणूस म्हणाला, शपथ कोणत्या देवाची घ्यायची? तुमच्या डोहात आसरा आहेत म्हणतात, आमच्याकडे तर कोणी नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिजानेही पाहिलं.

मी मनातल्या मनात सातही बहिणींना हात जोडले. ते माझं मी केलं. आणि मोठ्याने म्हणालो, "देवाचं नोको. ज्यानं त्यानं आपलं नाव घ्या."

 मग तो वयस्कर माणूस पाण्याच्या कडेला गेला आणि त्याने स्वतःचं नाव घेतलं. त्याच्यानंतर त्याच्या सुनेने घेतलं. मग एक एक करत माणसं पुढे येत गेली, बाप्ये आले, बाया आल्या, पलीकडच्या काठावर तेलुगूत नावं सुरू झाली, आणि नावं इतकी भराभर येऊ लागली की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं पाण्यावरून ऐकू येत होतं.